रायफलीचा घसा

मित्रांनो, मला पाहून मागे सरकू नका. माझं तोंड आजवर कागदाशिवाय कशाकडे वळलेलं नाही. चिमणीचं पीससुद्धा माझ्यामुळे कधी गळलं नाही. मी निशाणबाजीच्या स्पर्धेतली एक जुनी रायफल आहे. नाशिकला म्हसरूळच्या अंगाला, द्राक्षांच्या मांडवांपलीकडे आमचा रायफल क्लब आहे. तिथेच माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. पोलादाचा भरीव दांडा आरपार कोरून माझी नळी केली आणि तिच्या आत पिळदार चर पाडले. भोवरा फिरत असला की कसा ताठ उभा राहतो! तशीच गोळी त्या चरांतून गिरक्या घेत सुटते, म्हणून ती भरकटत नाही. काडतूस बसतं तो माझा कप्पा. कप्प्यातून निघालेली गोळी पहिल्यांदा चरांत शिरते, तो माझा घसा. जागा जेमतेम बोटभर, पण माझी सारी अब्रू तिथे. घशातून गोळी कलती निघाली की पुढे देवालाही ती सरळ करता येत नाही.

१९७१ साली मी नाशिकला आले. क्लबाचे प्रमुख होते जयराम सुभेदार; वणीकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. माझी पेटी उघडली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. "लेक आली घरी! ओल्या हातानं हिला कुणी शिवायचं नाय. घामानं पोलाद गंजतं, सांगून ठेवतो."

माझं खरं नशीब उघडलं ते चांगुणा आल्यावर. चांगुणा पगारे ही सटाण्याची मुलगी. नाशिकला कॉलेजात विज्ञान शिकायला आलेली, एन.सी.सी.मध्ये नेम धरायला शिकलेली. ती जमिनीवर पालथी पडून मला खांद्याशी घेई, तेव्हा तिच्या छातीचे ठोके माझ्या लाकडी दस्त्यातून मला कळत. दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी ती घोडा ओढी. पन्नास मीटरवरच्या कागदावर एकाच भोकातून दुसरी गोळी जाई, तिसरी जाई. सुभेदार तो कागद सगळ्यांना दाखवत फिरत. "बघा! गोळ्या मारल्या का उंदरानं कुरतडलं?"

चार वर्षं आम्ही दोघींनी नुसती बक्षिसं आणली. पण याच वर्षांत माझ्या अंगात एक दुखणं शिरत होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

दर गोळीमागे माझ्या घशातून आगीचा लोळ जातो. काडतुसाच्या कडेला पेट घेणारी जी दारू असते, तिच्यात काचेची बारीक पूड असते. ती पूड आणि ती आग मिळून घशाची खालची बाजू तासत राहतात. हजारो गोळ्यांनंतर तिथले चर बोथट होतात. यात दोष कुणाचाच नाही. वापरलेली वस्तू झिजतेच.

दुसरं दुखणं मात्र प्रेमापोटी आलं. आमच्या क्लबात खंडेनवमीला शस्त्रपूजा होई. झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढे, सारं यथासांग. पूजा झाली की सुभेदारांचा पलटणी शिरस्ता सुरू होई. पोलादी सळईला तारेचा ब्रश लावायचा आणि येईल त्या प्रत्येकाने माझ्या तोंडातून तो आत घालून जोर काढायचा. याला म्हणत 'सेवा'. सभासद सेवा करत, त्यांचे मेहुणे करत, पाहुणे म्हणून आलेले मामलेदारही बाह्या सरसावून करत. मग सुभेदार मला उन्हाकडे धरून तोंडातून आत बघत आणि म्हणत, "आरसा! नळीचा निस्ता आरसा झालाय!"

चकाकत होते मी, खोटं कशाला बोलू? पण वाकड्यातिकड्या हातांच्या त्या सळईने माझ्या तोंडाची कड घासून गेली होती आणि पुढून बघणाऱ्याला माझा घसा दिसतच नव्हता.

चांगुणाचं लग्न झालं. ती नाशिकरोडच्या कॉलनीत राहायला गेली. तेव्हापासून तिचे गुण हळूहळू उतरू लागले. दहाच्या जागी नऊ, नऊच्या जागी आठ. ती स्वतःलाच बोल लावी. मग दिवस गेले, मुलगी झाली, आणि ती वर्षभर क्लबाकडे फिरकली नाही. क्लबात ज्याची त्याची रायफल ठरलेली, त्यामुळे मी तेवढे दिवस पेटीत पडून होते.

१९८३च्या हिवाळ्यात ती परत आली. सोबत आई सुलाबाई, आणि आईच्या मांडीवर कानाला टोपडं घट्ट बांधलेलं बाळ. टोपड्याच्या आत चांगुणाने कापसाचे बोळेसुद्धा ठेवले होते. तरी ती दर थोड्या वेळाने मान वळवून बघे, बाळ दचकलं तर नाही ना?

पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. चांगुणाने पहिल्या दहा गोळ्या मारल्या. कागदावर भोकं अशी पसरली, जशी कुणी मूठभर ज्वारी भिरकावली असावी.

"लेकरू झालं की हात जातोच," मागून कुणीतरी बोललं. "लक्ष सारं पाळण्यात. नेम कुठनं लागायचा?"

सुभेदारांनी कागद हातात घेतला. त्यांचा चेहरा पडला. "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. या टायमाला दुसरं नाव देतो. तू बाळाकडे बघ."

मित्रांनो, मला त्या वेळी वाचा असती तर! त्या मुलीचा हात हलत नव्हता. ठोक्यांच्या मधली ती निवांत जागा तिने आजही अचूक पकडली होती. हे एकट्या मला ठाऊक होतं आणि मी लाकडापोलादाची मुकी वस्तू. क्लब सोडून गेलेल्या बाया तिने पाहिल्या होत्या. बाळाकडे बघ म्हणून ज्यांची नावं खोडली, त्यांतली एकही परत आली नव्हती.

चांगुणा लिंबाखाली आईजवळ जाऊन बसली. डोळे भरले होते. सुलाबाई सटाण्याच्या बोलीत म्हणाली, "रडू नको माय. तुना हात चांगला शे. रातभर पोरगीले खांद्यावर लेस, कधी हालस का तुना हात?"

चांगुणाने डोळे पुसले. बाळ कडेवर आल्याने हात दुबळा होतो की बळकट? आणि दोष हाताचाच असेल, तर रायफल पक्की टेकवून मारल्यावर गोळ्या एका जागी पडायला हव्यात. नाही पडल्या तर? ती उठली. भिंतीच्या कडेची वाळूची दोन पोती ओढत आणली आणि मला त्यांवर पक्कं बसवलं.

"सुभेदारमामा, आता तुम्ही मारा."

"मी? मी कशापायी?"

"तुम्हाला लेकरू झालेलं नाही म्हणून."

सारे खो खो हसले. सुभेदार मिशीवरून हात फिरवत पोत्यांमागे आडवे झाले. त्यांचा नेम जिल्ह्यात नावाजलेला. शिवाय मी पोत्यांवर अशी रुतलेली की हलायला जागाच नव्हती. त्यांनी शांतपणे दहा गोळ्या मारल्या.

कागद आला. पुन्हा ज्वारी!

सुभेदारांनी भोकांवरून बोट फिरवलं. मग कागद घडी करून खिशात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या लेकीचा घसा गेलाय, आन् मी या पोरीचा हात गेला म्हणत व्हतो."

दुसऱ्याच दिवशी आम्ही सावळीराम मिस्त्रींच्या दुकानात होतो. रविवार कारंजाजवळ त्यांचा बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेला कारखाना आणि तोंडात बढाया. "माझ्या हातची नळी आंधळ्यानं मारली तरी दहा!" असं म्हणत त्यांनी माझा बोल्ट, म्हणजे कप्पा बंद करणारी मागची खीळ, काढला आणि शिशाची एक गोळी मागून माझ्यात हळूच ढकलली. घशात ती सैल गेली. मधे घट्ट झाली, जड जड सरकली. तोंडाशी पुन्हा सैल.

"मधला भाग तर धडधाकट आहे," चांगुणा म्हणाली. "मग दोन्ही टोकं कापली तर?"

मिस्त्री खूश झाले. "मागून दोन बोटं, पुढून नखभर. नवा कप्पा, नवा घसा. पण सुभेदार, लेथवर केसभर जरी चुकलो, तर हिची काठी होईल. कुत्री हाकायला न्या मग!"

सुभेदारांनी माझ्या नळीवर हात ठेवला. "लेकीला कापायचं म्हणता..."

"मामा," चांगुणा म्हणाली, "माझ्या बाळाचा जन्मही पोट कापूनच झाला. आज दोघी धडधाकट आहोत की नाही?"

सुभेदारांनी हात काढून घेतला. लेथ घरघरू लागला. गरम पोलादाच्या कुरळ्या ढलप्या खाली पडल्या. बढाया मारणारे मिस्त्री आता केसाकेसाने मोजून कापत होते.

मी दोन बोटं आखूड झाले आणि पुन्हा तरुण झाले! म्हसरूळला पोत्यांवरून दहा गोळ्या सुटल्या आणि कागदावर एकच दातेरी भोक उरलं. संघात चांगुणाचं नाव सुभेदारांनी स्वतः, सगळ्यांत वर लिहिलं.

पुण्याला शेवटच्या फेरीत तिची आणि यजमान संघातल्या मुलीची बरोबरी चालली होती. शेवटची गोळी उरली. तेवढ्यात मागे बाळ रडलं. साऱ्या मैदानाने माना वळवल्या. चांगुणाच्या छातीत पान्हा दाटला. तिच्या जाड कोटातूनही मला तो कळला. ठोके धावत सुटले. तिने घाई केली नाही. मला खाली टेकवलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मागे सुलाबाई बाळाला थोपटत होती, सुभेदार टोपी हलवून त्याला हसवत होते. ठोके उतरले. चांगुणाने मला पुन्हा खांद्याशी घेतलं, आणि त्या दोन ठोक्यांच्या मधे माझ्या नव्या घशातून गोळी कशी सुर्रकन निघाली म्हणून सांगू!

दहा! वर्तुळाच्या ऐन मधोमध.

सुभेदारांनी टोपी आभाळात उडवली. पहिल्या क्रमांकाचा चषक चांगुणाने एका हाताने घेतला, कारण दुसऱ्या हातात बाळ होतं. टाळ्या थांबेनात.

मित्रांनो, झिजण्यात कमीपणा नाही. काम करणारी प्रत्येक वस्तू झिजते आणि काम करणारं प्रत्येक माणूसही थकतं. पण नुसती चकाकी बघून 'सारं ठीक' म्हणू नका. घासायचं तर हळुवार हाताने घासा, आणि बघायचं तर आत, जिथे आग लागते तिथे बघा. कुणाचा नेम चुकला तर त्याचं नाव खोडण्याआधी त्याच्या हातात काय दिलं आहे ते तपासा.

माझा घसा पुन्हा झिजणार आहे, कारण चांगुणा मला स्वस्थ बसू देत नाही. झिजू दे! सावळीराम मिस्त्री आहेत, लेथ आहे, आणि माझी अजून बरीच नळी शिल्लक आहे.