तिसरी बाटली

तिसरी बाटली नाकाशी धरताच रंगवाल्या काकांचा घसा आवळला. डॉक्टरीणबाईंनी खिडकी उघडली, पाणी दिलं. काकांचा श्वास स्थिरावल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी म्हणून दिलेल्या पहिल्या दोन बाटल्यांत फिनेल होतं, वास कळणार नाही इतकं पातळ. फिनेल म्हणून दिलेल्या तिसरीत नुसतं पाणी."

काकांचे कान लाल झाले. तीस वर्षं त्यांनी दुकानात रंग कालवले होते, थिनरच्या वासात बसून डबा खाल्ला होता. कधी साधी शिंक आली नाही. काकू गेल्यापासून मात्र साबण, फिनेल, सुनेची पावडर, सगळं जिवावर उठलं. सुनेनं एकेक वस्तू बंद केली. शेवटी तीही माणूसच. दीड वर्षापूर्वी काकांनीच चंबूगबाळं उचललं आणि एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. नात भेटायला यायची, पण आधी नुसत्या पाण्यानं अंघोळ करून. हळूहळू यायची थांबली.

"म्हणजे मी सोंग करतो?"

"सोंग नाही. घसा खरंच आवळतो. पण वासानं नाही, वासाच्या धास्तीनं. पहिल्यांदा कधी झालं?"

काकांना आठवायला वेळ लागला नाही. इस्पितळातला व्हरांडा. फिनेलनं फरशी पुसणाऱ्या बाईनं पाय वर घ्यायला सांगितलं होतं. ते पाय वर घेऊन बाकावर बसले असतानाच मुलगा काकूंच्या खोलीतून बाहेर आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"आठवत नाही," काका म्हणाले.

धास्ती मोडायला काही महिने लागतील, रोज थोडं थोडं, असं बाईंनी समजावून सांगितलं. मुलानं फोनवर त्यातलं निम्मंच ऐकलं. म्हणजे तुम्हाला काही झालेलंच नाही, असं म्हणून तो इतका मोकळा हसला, की काकांना पुढचं बोलवेना. रविवारी तो न्यायला आला.

घरात फरशी नुकतीच पुसलेली होती. सुनेनं हसून चहा पुढे केला. काकांनी तो घोटाघोटानं संपवला. तेवढ्यात नात आतून धावत आली आणि शाम्पूनं धुतलेलं ओलं डोकं तिनं त्यांच्या मांडीवर टेकवलं.

"आजोबा, आता तुम्हाला काही होत नाही ना?"

"नाही गं," काका म्हणाले. मग श्वास रोखून, जमेल तितका वेळ, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.