तीन फूट पुढे आलेले फाटक

“साहेब, आगीला परवानगी कोणी दिली होती?”

हा प्रश्न भर दुपारी, अगदी माझ्यासमोर, बांधकाम परवानगीच्या साहेबांना विचारला गेला. विचारणारी होती आमच्या घरची मुलगी. तिचे तोंड दिवसभर चालू असते म्हणून सगळे तिला टकळी म्हणतात. समोरच्या कठड्यावर तिच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांनी पैज लावली होती, हे विचारून दाखवलेस तर आठवडाभर तुझे दप्तर आम्ही वाहू. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. घराचा नकाशा दोनदा परत आला होता, तिसऱ्यांदा तो साहेबांच्या हातात होता, आणि ही कार्टी त्यांनाच चिमटे काढत होती!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आगीनं अर्जच केला नाही गं बाळ. केला असता तर आमच्याकडे सहा महिने तरी अडकून पडली असती!”

आई खळखळून हसली. वणव्यानंतर पहिल्यांदाच. आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

मित्रांनो, हे सगळे टक लावून पाहणारे मी कोण? मी या घराचे जुने लोखंडी फाटक. घराचे म्हणायचे ते आपले सवयीने. घर जळून गेले, मी तेवढे उरले.

टकळीच्या आजोबांनी मला घडवले. ते वेल्डर होते. लोकांची फाटके करून उरलेले तुकडे त्यांनी साठवले आणि त्यातून मला जुळवले. त्यामुळे माझा एक गज दुसऱ्यासारखा नाही! आधी लोक हसले. “हे फाटक आहे की ठिगळांचं दुकान?” पण पुढे पत्ता सांगताना सारी गल्ली म्हणू लागली, “त्या वेड्यावाकड्या हिरव्या फाटकाशेजारी.” तेव्हा माझा ऊर भरून यायचा. फाटकाला ऊर नसतो, ठाऊक आहे मला. तरी यायचा.

आजोबा दर महिन्याला माझ्या बिजागऱ्यांत तेल सोडायचे. ते गेले आणि माझे तेलपाणीही गेले. मी कुरकुरू लागले तर बाबा म्हणायचे, “कुरकुरू दे, चोर आला तर कळेल!”

मग घरात गाडी आली. ती आत घेतली की तिचे शेपूट बाहेर राहायचे आणि मी मिटायचे नाही. एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी गवंडी बोलावला, माझे दोन्ही खांब बुडाशी कापले आणि मला रस्त्याकडे तीन फूट पुढे नेऊन रोवले. “तीन फुटांनी काय आभाळ कोसळतंय?” असे ते आईला म्हणाले. समोरच्यांनी ते पाहिले आणि महिन्याभरात त्यांचा कठडाही तीन फूट पुढे आला. माझ्या जुन्या खुंटांवर झुडपे वाढली. टकळी तेव्हा चार वर्षांची होती, तिला कुठले आठवणार!

आभाळ कोसळायला दहा वर्षे लागली. डोंगरावरचे रान तीन दिवस धुमसत होते. चौथ्या दिवशी वारा फिरला आणि वणवा आमच्या परसात उतरला. सगळे माझ्यातूनच बाहेर पळाले. घर तोवर मागून धडधडून पेटले होते. मग अग्निशमन दलाचा बंब आला, घंटा घणघणवत आला, आणि माझा खांब व समोरचा कठडा यांच्यामध्ये अडकला. मागे जाईना, पुढे येईना. पाण्याची नळी गल्लीच्या टोकापर्यंत पोचली नाही. तिथे शिवणकाम करणाऱ्या काकूंचे घर होते. ते शिलाई मशीनसकट गेले. बंबाचा लाल रंग माझ्या खांबावर अजून आहे. लोक हळहळले, “गल्लीच अरुंद, कोण काय करणार?” मला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडले असते.

आता सगळे मागे नव्याने उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत राहतात आणि आई मलाच कपाट समजते. परवानगीच्या कागदांची पिशवी माझ्या गजाला लटकते. त्यात शेजाऱ्यांची ना-हरकत पत्रे आहेत. काकूंनी तर त्यांचे वाचलेही नाही. “तुमचं घर उभं राहतंय ना? मग माझी कसली हरकत!” म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

तर त्या दुपारी साहेबांनी माझ्यापासून मागच्या खडकापर्यंत टेप धरला.

“कागदावर साठ फूट, जमिनीवर त्रेसष्ट. म्हणून तुमची फाईल परत येते. फाटक कधी सरकवलंय का?”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. लगेच नजर वळवली. “नाही. पहिल्यापासून तिथंच आहे.”

“मग तसं दोघांच्या सहीनं लेखी द्या. जुना नकाशा चुकला असं धरून मी पुढे पाठवतो. नाहीतर साठच फूट धरावे लागतील. समोर दहा फूट मोकळे सोडायचे आणि मागे खडक. तुमची ती पुढची खोली बसायची नाही.”

पुढची खोली टकळीची होती. जन्मात पहिल्यांदा तिची एकटीची! साहेब गेल्यावर ती मैत्रिणींना राखेत पावलांनी खोली आखून दाखवत होती. “इथं खिडकी. इथं माझी पुस्तकं. आणि इथं तुम्ही दोघी लोळणार, पण पाय धुऊन! आई गं!”

मागे सरकता सरकता ती माझ्याजवळ आली होती आणि तिचा अंगठा कशालातरी ठेचकाळला होता. तिने खाली वाकून राख बाजूला केली. कापलेला लोखंडी खुंट. त्याला हिरवा रंग. माझाच. झुडपे जळाल्यामुळे तो उघडा पडला होता. पलीकडे तिला दुसराही सापडला. तिने दप्तरातली फूटपट्टी काढली आणि खुंटापासून माझ्यापर्यंत मापले. एक. दोन. तीन. मग तिने माझ्या खांबावरचा लाल ओरखडा पाहिला आणि गल्लीच्या टोकाच्या काळ्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

“काय गं, टकळी बंद कशी पडली?” मैत्रिणीने विचारले.

तिकडे बाबा गाडीच्या बॉनेटवर तो कागद लिहीत होते. आईच्या हातातले पेन अडले होते. “अहो, आपणच पुढे घेतलं होतं ना ते?”

“माहितीये मला,” बाबा हळूच म्हणाले. “पण घर गेलं तेव्हा रडत होती पोरगी. खोलीचा शब्द दिलाय मी तिला.”

मित्रांनो, मला तेल पाजू नका, रंग लावू नका, माझी तक्रार नाही. पण आम्हा फाटकांना पाय नसतात. तुम्ही जिथे रोवाल तिथे आम्ही उभे राहतो. पुढे लोक आमच्यावरूनच हद्द मोजतात आणि आमचे खोटे खरे होऊन बसते. म्हणून फाटक रोवताना आधी पलीकडच्या रस्त्याकडे बघा. त्या रस्त्याने कुणाच्यातरी घरी मदत पोचायची असते.

टकळी ताडताड चालत गाडीपाशी आली. राखेने काळा झालेला हात तिने बरोबर त्या कागदावर ठेवला.

“आई, सही करू नकोस. बाबा, माझं ठरलंय. मला खोली नको, मी बाहेरच्या खोलीत झोपेन आणि घोरेन. फाटक मागे जाणार. आणि बंब का अडकला ते मी आत्ता काकूंना सांगायला चाललेय. तुम्ही दोघं येताय की मी एकटी जाऊ?”