व्हॉल्व्हचं लॉक

मेलेन्सिओ म्हाताऱ्याची जीप सकाळी सुरू झाली की निळा धूर ओकायची आणि समोरची दुकानवाली बाई, पासिंग, वाळत घातलेले कपडे शिव्या देत आत न्यायची. कपभर कॉफी संपेस्तोवर धूर थांबायचा. म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत, नुसती व्हॉल्व्हची सीलं गेलीत, रात्रभर तेल झिरपून आत साचतं, असं म्हाताऱ्याचं निदान होतं. ते बरोबर होतं, आणि त्याच्या लेकीला, नेनिताला, तेच नको होतं. रिंगा गेल्या असत्या तर इंजिन भंगारात गेलं असतं आणि प्रश्नच मिटला असता.

कारण बापाचे डोळे जवळजवळ गेले होते. नेनिता हाँगकाँगच्या घरकामातून रजेवर आली, त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यानं जीपनं पासिंगच्या दुकानापुढचं बाकडं उडवलं होतं. व्हिनेगरची बाटली काढायला पासिंग आत गेली म्हणून वाचली. "बाकडं कुणीतरी पुढं सरकवलं," असं म्हातारा जो भेटेल त्याला सांगायचा. एरवी अख्ख्या गल्लीशी भांडणारी नेनिता यावर मूग गिळून बसायची. बापाला तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' म्हणायचं? बाई गं, छातीच होत नव्हती तिची.

गुरुवारी ती परत जाणार होती. मंगळवारी म्हाताऱ्यानं अंगणात बॉनेट उघडलं. प्लग काढून त्या भोकातून जाड सुती दोरी सिलिंडरमध्ये कोंबली आणि पाना लावून इंजिन फिरवलं. पिस्टननं दोरी वर रेटली की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. हे सगळं त्यानं चाचपूनच केलं. मग स्प्रिंग दाबून, तिला व्हॉल्व्हवर अडकवून धरणारी डाळिंबीएवढी दोन लॉकं काढली आणि नेनिताच्या तळहातावर ठेवली.

"सांभाळ गं. या इंजिनाचं लॉक आता मागूनही मिळत नाही."

नवं सील बसलं, वर स्प्रिंग बसली. "दे इकडं."

नेनितानं एक दिलं. दुसरं मुठीत घट्ट धरलं. "अगंबाई, पडलं की हो ताताय!" ती बापाला म्हणाली.

म्हातारा गुडघ्यांवर बसला. दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक त्यानं अंगणभर फिरवलं. खिळे निघाले, बाटलीचं बूच निघालं. एकदा "सापडलं!" म्हणून त्यानं हात उंच केला. चिमटीत तुटका वॉशर होता. नेनिताला स्वतःचीच किळस आली, तरी मूठ सुटेना.

म्हाताऱ्यानं वॉशर अंगठ्यानं चोळून पाहिला आणि फेकून दिला.

"नेनिता, अंगण सिमेंटचं आहे. पडलं असतं तर वाजलं असतं."

नेनितानं मूठ पाठीमागं नेली.

"मूठ उघड."

तिनं उघडली.

"आता तोंड उघड."

"तुम्हाला दिसत नाही, ताताय. पासिंग मरता मरता वाचली. नका चालवू गाडी." एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

"आणि म्हणून माझं इंजिन मारायला निघालीस? चोरटी कुठली!" तिच्या तळहातावरचं लॉक त्यानं चाचपून उचललं. "बरं. नाही चालवत. मग मला बाजारात कोण नेणार? रविवारी चर्चला? तू?"

म्हातारा उत्तरासाठी थांबला नाही. लॉकला ग्रीस लावून त्यानं ते नखानं बसवलं आणि पुढच्या व्हॉल्व्हला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सुरू झाली. धूर नाही. पासिंग कपडे काढायला धावत आली ती दोरीपाशीच थबकली. "अरे वा मेलेन्सिओ! आता कुठं दौरा?"

"कुठं नाही," म्हातारा म्हणाला.

त्यानं इंजिन बंद केलं, भिंत धरत आत गेला, आणि नेनिताच्या बॅगेत, घड्या घातलेल्या कपड्यांच्या तळाशी, जीपची किल्ली सरकवली.

"राहू द्या ना इथंच," नेनिता म्हणाली. "आता तुम्ही कबूल केलंय."

"घेऊन जा," तो म्हणाला. "तू गेल्यावर या घरात मी एकटा असणार. माझा हात जाईल किल्लीकडं."