मोर्चा लिहा, दारू लिहू नका

आमच्या परळच्या चाळीत तेव्हा एक रीतच पडली होती. पोलीस कुणाची चौकशी करायला आला, की सगळ्यांनी एकच बोलायचं, "तो होय? तो तर घरात पिऊन पडला होता!" संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सापडला तर लाठी आणि तुरुंग. दारूबंदीत सापडला तर दंड भरून घरी. म्हणून दारूचंच नाव सांगायचं.

त्या रीतीनं माझ्या धाकट्या भावाची, कोंडीरामची, नोकरी घालवायची वेळ आणली.

आरमाराच्या गोदीत, हत्यारांच्या कोठीवर त्याची निवड झाली होती. तिथं किल्ल्या हातात द्यायच्या, म्हणून माणूस पितो का, खोटं बोलतो का, सगळं बघतात. आता कोंडीराम पूर्वी प्यायचा, हे खरं. शीवला एका हातभट्टीवर पकडलाही गेला होता. पण आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यानं थेंबाला हात लावला नाही. गोदीतल्या साहेबाला त्यानं हे आपणहून सांगून टाकलं. मी म्हटलं, "मेल्या, विचारलं होतं का कुणी?" तर म्हणतो, "आक्का, त्यांनी हुडकून काढण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

रविवारी नळावरून पाणी घेऊन वर येते, तर शेजारच्या कमलाबाईच्या दारात साध्या कपड्यातला सीआयडी उभा. विचारत होता, "कोंडीराम कसा माणूस आहे? परवाच्या मोर्च्यात होता का?"

"मोर्चा? छ्या! सकाळपास्नं पिऊन तर्र होता, साहेब," कमलाबाई म्हणाली.

"तोंडावर पाणी मारलं तरी उठेना," समोरच्या भिवानं जोड दिली.

माझं डोकंच फिरलं. हंडा आपटला आणि ओरडले, "कमले, जीभ हासडीन तुझी!" तर ती मला डोळा मारते! म्हणते, "बहीण आहे ना साहेब, लाज वाटते बिचारीला."

साहेबाला घरात नेलं, ट्रंकेवर बसवलं आणि चाळीची रीत सांगितली. तो म्हणाला, "बाई, बहीण भावाच्या बाजूनंच बोलणार. त्याची दारू सुटली का, हेच मुख्य बघायला मी आलो होतो. शेजारी सांगतात, सुटली नाही."

तेवढ्यात कोंडीराम भाजी घेऊन आला. साहेबानं सरळ विचारलं, "परवा कुठं होता?"

मी साहेबाच्या मागून कपाळाला हात लावून खुणावत होते, ताप होता म्हण रे, ताप! त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"मोर्च्यात होतो, साहेब."

"हे लिहिलं तर वरचे काय म्हणतील, सांगता येत नाही."

"मोर्चा लिहा. नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण दारू लिहू नका. ती मी दीक्षा घेताना सोडली. ती परत माझ्या नावावर चढवू नका."

दारात कमलाबाई उभी होती, तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. पोलिसाला ती भयंकर भ्यायची. तरी आत आली.

"साहेब, मी खोटं बोलले. मोर्च्यात मी पण होते. लाठ्या सुरू झाल्या तशी मी पडले. यानंच मला उचलून बाहेर काढलं. प्यालेला असता तर मी आज इथं दिसले असते का?"

"मी पण होतो," भिवा बाहेरून म्हणाला. मग गॅलरीतून आणखी कुणी, आणखी कुणी.

"अहो, पुरे!" साहेब हसायलाच लागला. "मोर्च्याला गेलेल्यांना नोकरी नाही म्हटलं, तर गोदी ओस पडेल. माझी बायकोसुद्धा गेली होती." मग कोंडीरामला म्हणाला, "जसं सांगितलंत तसंच लिहितो. मोर्च्यात होता, आणि शुद्धीत होता."

महिन्याभरात कामावर हजर होण्याचा हुकूम आला. कमलाबाई चाळभर सांगत फिरली, की कोंडीरामची नोकरी तिनंच लावली. मी एरवी तिचा एक शब्द सोडत नाही. पण त्या दिवशी पहिला पेढा तिच्याच तोंडात घातला.