गुलादेवीच्या पायरीवरचा मातीचा कुत्रा

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढासा मी मातीचा कुत्रा आहे. हजारो वर्षांपूर्वी दूरदेशीच्या ईसिन नगरीत इद्दिन कुंभाराने मला घडवले. त्याने नदीकाठची माती तुडवली, चिमटीने माझे कान ओढले, काडीने डोळे टोचले आणि मला भट्टीत ठेवले. ती धग आठवली की अजून अंग आक्रसते. पण खरी भीती काय असते, ते मला तरीबातू नावाच्या बाईच्या घरी कळले.

तिची सात वर्षांची लेक एरिश्ती आठ दिवस तापाने फणफणत होती. जवाची पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. आजार बरा करणारी आमची देवी गुला, आणि कुत्रा तिचा लाडका. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी मातीचा कुत्रा ठेवायचा आणि बरे वाटले की तो देवीला वाहायचा, अशी रीत होती.

मला उशाशी ठेवून तरीबातू पुटपुटली, "दारावर लक्ष ठेव रे बाबा. लमाश्तू आली तर भुंक. माझं एक लेकरू नेलंय तिनं."

लमाश्तू म्हणजे लेकरे उचलून नेणारी राक्षसीण. मी भुंकणार कसा? इद्दिनने माझे तोंड मिटलेलेच घडवले होते! दारावरची चटई वाऱ्याने हलली, की मला वाटे, आली!

दुपारी वैद्य आला. त्याने कडू पाल्याचा काढा केला. एरिश्तीने दात घट्ट आवळले.

"पी गं राणी, एकच घोट!"

"नको!"

"वैद्यबुवा, काहीतरी करा हो!"

"मी काय करू बाई? पोटात गेला तर गुण येईल. वाटीत राहून कसा येणार?"

एरिश्तीने तापलेल्या हाताने मला उचलले. "आई, हा घाबरलाय गं."

"मग दाखव त्याला कसं प्यायचं ते." तरीबातूने वाटी पुढे केली.

डोळे मिटून एरिश्तीने काढा गिळला. "बघ, काही होत नाही," असे मला सांगून तिने तोंड वेडेवाकडे केले.

तिसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. तिने खजूर मागितला, तेव्हा तरीबातू चुलीपाशी बसून रडली.

पण आता मला वाहायचे होते!

"तो माझाय! नाही देणार!"

"अगं, देवीला शब्द दिलाय मी."

माझा जीव पुन्हा धसकला. देवळाच्या पायरीवर माझ्यासारखे शेकडो होते. एरिश्ती मला ठेवून मुसमुसत उभी राहिली. तेवढ्यात एका बाईने माझ्याशेजारी आपला कुत्रा ठेवला. ती एकटीच आली होती.

"तुमचं लेकरू बरं झालं का?" तरीबातूने विचारले.

"नाही हो. गेला." बाईने तो कुत्रा माझ्या अंगाला टेकवला. "पण याला घरी ठेवून काय करू? इथं राहिला तर दुसऱ्या कुणाच्या पोराला राखेल."

पुढे देऊळ उंच करताना आम्हाला जमिनीत पुरले. कालांतराने त्या देवळाचेही मातीचे टेकाड झाले. त्या काळोखात त्या बाईचा कुत्रा आणि मी एकमेकांना टेकून होतो. कितीतरी काळाने खणणाऱ्यांच्या हाती मी लागलो. तो अजून तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्या टेकाडावरून जाल तेव्हा उगाच माती उकरू नका, काही सापडले तर खिशात घालू नका. पाऊल जरा हळू टाका. त्या आईचा कुत्रा अजून पहाऱ्यावर आहे.