न्हाणीघरातली खुर्ची आणि बाईंची परीक्षा

मित्रांनो, जगाचा सगळा कारभार खुर्च्यांवर चालतो. माणसं येतात, भाषणं करतात, निघून जातात. खुर्ची जागची हलत नाही. मीही अशीच एक जुनी, नगरपालिकेची खुर्ची आहे. माझ्या पाठीवर शिक्का आहे, अनुक्रमांक आहे, कचेरीत माझ्या नावाची फाइलही आहे. फक्त मी सभागृहात नसते, न्हाणीघरात असते. आणि पाणी निथळून जावं म्हणून माझ्या बैठकीला भोकं आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचे चार पाय, पांढरं प्लॅस्टिकचं अंग, धरायला दोन हात आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून पायांत चार रबरी बूट. तिथून मी नगरपालिकेच्या गोदामात गेले. वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. निम्म्या नव्या, निम्म्या परत आलेल्या. परत आलेल्या काही बोलत नसत. एका वॉकरच्या मुठीवर कुणीतरी निळ्या लोकरीचं टोपडं विणून घातलेलं होतं, ते अजून तसंच होतं. ते पाहून मी पहिल्यांदा घाबरले. घाबरायची सवय तेव्हापासूनची.

मग मला बाईंकडे पाठवलं. बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरात एकट्या. मी येण्याआधी त्या याच न्हाणीघरात पडल्या होत्या. सकाळी पडल्या, त्या दुपारी पोस्टमनला सापडल्या. "तेवढ्या वेळात मी तीसपर्यंतचे पाढे म्हटले, एकदाही चुकले नाही," असं त्या आल्यागेल्याला अभिमानानं सांगत. मला मात्र ती फरशी रोज दिसते. ती बर्फासारखी थंड आहे, आणि बाई तिच्यावर चार तास पडून होत्या.

त्या पडण्यामुळे पालिकेनं त्यांना दोन गोष्टी दिल्या: एक मी, आणि दुसरी आठवड्यातून तीन दिवस येणारी मदतनीस. योगायोग असा, की ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. गणितात दोनदा नापास झालेली. बाई ते विसरल्या नव्हत्या आणि तिलाही विसरू देत नव्हत्या. ती आधी माझ्या अंगावर टॉवेल अंथरी, कारण प्लॅस्टिक गार लागतं. पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघे. मग काखेत हात घालून बाईंना अलगद बसवी, आणि अंघोळ झाली की तसंच उठवी. बाई म्हणत, "तुझं गणित कच्चं, पण हात पक्का." चार वर्षं अशी सुखात गेली. तेवढ्यात माझ्या मागच्या डाव्या पायातला बूट झिजून निघून गेला. मदतनिसीनं अर्ज केला. 'खुर्ची वापरात असल्याने दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही,' असं उत्तर आलं. तिनं तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला.

आणि मग ती बातमी आली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या मदतीसाठी पालिकेकडे पुरेसा पैसा उरला नाही, म्हणून ज्यांना खरोखरच जमत नाही त्यांचीच मदत चालू राहील. त्याच सभेत चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे मंजूर झाले. त्यामुळे पैसा अगदीच नव्हता, असं म्हणणं कारंज्यावर अन्याय करणारं होईल. घरोघरी तपासनीस येणार होत्या. दहा प्रश्न, प्रत्येकाला दहा गुण. जितकं स्वतःचं स्वतः जमेल तितके गुण जास्त. साठाच्या वर गेलं की मदत बंद आणि खुर्ची परत.

बाईंना यातलं एकच ऐकू आलं: गुण.

आठवडाभर त्यांनी तयारी केली. घड्याळ लावून बटणं लावली. काठी न घेता खिडकीपर्यंत गेल्या आणि घामाघूम होऊन परत आल्या. मदतनीस हात जोडून समजावत होती, की या परीक्षेत कमी गुण पडलेलेच बरे. बाई म्हणाल्या, "मी जन्मात नापास झालेले नाही. आता या वयात तुझं बघून सुरुवात करू?"

मदतनीस माझी भोकं ब्रशानं घासत होती. ती थांबली. "बाई, नापास होऊन कुणी मरत नाही. मी दोनदा होऊन बघितलंय. पास झालात तर मात्र मी यायची बंद होईन, आणि या फरशीवर तुम्ही परत पाढे म्हणत पडाल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावून बटणं.

मंगळवारी तपासनीस आल्या. दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. जेवण? स्वतः करते. कपडे? स्वतः घालते. जिना? चढते की. दहा, दहा, दहा. प्रत्येक दहाला मला गोदामातली निळी लोकर दिसत होती. सहा प्रश्न झाले. साठ.

सातवा प्रश्न अंघोळीचा. बाई म्हणाल्या, स्वतः करते. तपासनीस बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या; म्हणाल्या, करून दाखवा. मदतनिसीला त्यांनी बाहेरच थांबायला सांगितलं.

बाई माझा हात धरून बसल्या. जरा आपटूनच, पण बसल्या. चेहऱ्यावर पहिल्या नंबराचा भाव.

"आता उठा."

बाईंनी माझ्या दोन्ही हातांवर जोर दिला. त्यांचे दंड थरथरले, मीही थरथरले. ट्यूबचा तुकडा सुटला. माझा उघडा पाय बोटभर सरकला आणि फरशीवर असा करकरला, की दाराआड मदतनिसीच्या तोंडून "बाई" एवढंच निघालं. बाई परत माझ्यात कोसळल्या. तपासनीस बाईंनी त्यांचा खांदा धरला. नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

"खुर्ची सरकते का हो?" तपासनीस बाईंनी विचारलं.

माझा जीव भोकांत गोळा झाला. सगळा दोष माझ्यावर ढकलायची आयती सोय होती. बाईंचे गुण वाचले असते, आणि बाई गेल्या असत्या. बाईंनी दाराकडे पाहिलं. पदर नीट केला.

"खुर्ची चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मलाच उठवत नाही. जिनाही चढवत नाही, तो मी चढते म्हणाले तेही खोडा. आणि बटणांना अर्धा तास लागतो."

कागदावर बरीच खाडाखोड झाली. तपासनीस बाई निघाल्या तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, किती पडले? एकतीस, असं कळलं. मदतनिसीनं दाराआड डोळे पुसले आणि पेढे मागितले, तर बाई म्हणाल्या, "गप बस. पस्तीसाला पास असतं."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मदत चालू, पण तीनऐवजी दोन दिवस, आणि वर्षानं पुन्हा परीक्षा. उरलेल्या दिवशी एकटीनं न्हाणीघरात यायचं नाही, असं मदतनिसीनं बाईंकडून वदवून घेतलंय. तरी अशा दिवशी सकाळी काठीची टकटक दारापर्यंत येते आणि थांबते. ती परत फिरेपर्यंत मी श्वास रोखून असते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "माझं मी करते" म्हणत असेल, तर दाराशी जरा थांबत जा. बाकी नगरपालिका, निधी, माणुसकी वगैरेवर खूप सांगण्यासारखं आहे. पण तपासनीस बाईंनी कागदावर 'खुर्ची चांगली आहे' असं लिहून नेलंय, त्यामुळे माझ्या बुटाचा अर्ज आता कायमचा बंद झालाय. म्हणून तुमच्यापैकी कुणाकडे जुन्या काठीचा एखादा रबरी बूट पडून असेल, तर तेवढा पाठवा. मागचा डावा पाय. रंग कुठलाही चालेल.