खिळ्यावरची कात्री

चैत्रातली सकाळ, खिडकीतून तिरपं आत आलेलं पिवळं ऊन आणि लाकडी टेबलावर पसरलेल्या शुभ्र कापडातून सलग चाललेल्या मोठ्या कात्रीचा करकर आवाज. शमीमआपा म्हटलं की मला आधी हा आवाज ऐकू येतो, चेहरा मागाहून दिसतो. नगरच्या कापडबाजारामागच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा लहानसा कारखाना आहे. नऊ मशिनी, माझ्यासकट नऊ बायका आणि प्रत्येकीची वेळ निराळी.

भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे बघायची तिथे कुणाला सवय नाही. कुणी मुलांना शाळेत सोडून येते, कुणी नळाचं पाणी भरून. पाथर्डीकडची मंदाबाई तर तान्ह्या नातीलाच घेऊन येते. ताग्यांच्या आडोशाला साडीची झोळी कायमची बांधलेली असते आणि जिचा हात मोकळा तिने दोरी ओढायची, मग ती मालकीण का असेना. डाव्या हाताने झोका देत उजव्या हाताने कापडावर खडूची सरळ रेघ ओढणाऱ्या आपांना बघत राहावं. त्यांची हजेरीही न्यारी. भिंतीवर प्रत्येकीचा एक खिळा आणि खिळ्यावर तिची कात्री. कात्री उतरली म्हणजे बाई आली; लटकलेली असली तर घरी काही निघालं असेल. यापुढे चौकशी नाही. एकदा एक दुकानदार म्हणाला, "आपा, हा कारखाना आहे की धर्मशाळा?"

"धर्मशाळाच म्हणा," आपा हसून म्हणाल्या, "पण तुमचा शर्ट कधी उशिरा आलाय का?" बिचारा चहा पिऊन पुढची ऑर्डर लिहून देऊन गेला.

ऐन मे महिन्यात, गणवेशांची घाई टिपेला पोचलेली असताना, माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना सोडून घराबाहेर पडणं शक्य नव्हतं, आणि कॉलरी शिवायच्या त्या फक्त मीच. तिथे मला माझं असं काही सापडलं होतं. तेच आता जाणार, म्हणून रात्रभर जीव तुटत होता. सकाळी मी माझी कात्री खिळ्यावरून काढून आपांच्या हातात ठेवली. त्यांनी ती जिथल्या तिथे परत अडकवली.

"सुनंदा, कॉलर शिवायला हात लागतात, कारखाना नाही. हात घरी घेऊन जा, मशीन मी पाठवते. कात्री माझ्याकडची दुसरी ने. तुझी इथंच राहील."

दुपारी टेम्पोतून मशीन घरी आली. रोज सकाळी रिक्षाने कापलेलं कापड येई, संध्याकाळी कॉलरी जात. सासरे खाटेवरून टाके निरखत आणि एखादी रेघ वाकडी दिसली तर चांगल्या हाताने खूण करीत. मुकादम झाले होते अगदी!

वर्षभराने ते काठी टेकत अंगणात फिरू लागले, तशी मी परतले. खिळ्यावर माझी कात्री तशीच होती. गंजली असेल या समजुतीने मी जोर लावून उघडली, तर ती लोण्यातून फिरावी तशी फिरली.

मंदाबाई म्हणाली, "आपा दर गुरवारी तेल घालत्यात तिला. दुसऱ्या कुनी हात लावल्याला चालत न्हाई."

मला हसूही आलं आणि रडूही.

यंदा आपांच्या अम्मी फार थकल्या. लेकीखेरीज कुणाच्या हातून घास घेत नाहीत. एका सकाळी आपा टेबलापाशी उभ्या राहिल्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, नव्या सुनेसारख्या अवघडून. "दुपारनंतर मी नसले तर चालेल का गं?"

क्षणभर सगळ्या मशिनी थांबल्या, आणि मग असा हशा उसळला की झोळीतली पोर जागी झाली.

"तुमी बिनघोर जावा," मंदाबाईने फर्मावलं. "आमी हाय की!"

आपांसाठी आम्ही दहावा खिळा ठोकला. दुपारी ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर येतं, तेव्हा त्यांची ती मोठी कात्री तिथे लखलखत असते. गुरुवारी तिला तेल मी घालते. काळ आपल्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी घरी बोलावून नेतो. मागे राहिलेल्या तिच्या कात्रीला गंज चढू द्यायचा नाही, आठवण ठेवणं म्हणजे मला वाटतं एवढंच.